पडद्याबाहेर दिलेली मतं

डेरीमॉइलच्या अँब्रोज मालकांना आमच्या तळ्याकाठच्या लोकांनी जास्त करून झोपलेलंच पाहिलं. होडीत आडवे, वल्ही आत ओढून घेतलेली, टोपी तोंडावर, आणि होडी आपली वाऱ्याच्या मर्जीने फिरते आहे. पार्लमेंट सुटून ते लंडनहून आयर्लंडात घरी आले की उरलेला उन्हाळा असा जायचा. होडी कधी लव्हाळ्यात शिरायची, कधी बेटाला टेकून उभी राहायची, आणि पुष्कळदा थेडी हेहिरच्या घरासमोरच्या वाळूवर येऊन लागायची. मग थेडीची बायको नॅपी हात पुसत बाहेर यायची आणि होडीच्या फळीवर थाप मारायची.

“उठा मालक, काठ आला.”

“कुणाचा गं?”

“आमचाच. दुसरं कोण ठेवून घेतंय तुम्हाला?”

मालक टोपी झटकायचे, वाकून त्या बुटक्या दारातून आत जायचे आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेकळांच्या, विस्तवाशेजारी तिपाईवर बसायचे. नॅपी उकडलेले बटाटे टोपलीत ओतायची, मध्ये मिठाची वाटी, बाजूला ताकाचा मोगा. सगळ्यांबरोबर तेही नखाने साल सोलून खायचे. हा माणूस अर्धं वर्ष राणीच्या पार्लमेंटात बसतो हे अशा वेळी कुणाला खरं वाटलं नसतं. त्यांचं त्यांनाही वाटत होतं की नाही, कोण जाणे.

हे सगळं मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. सबीना टुब्रिडी त्यांचं नाव. पोरवयात त्या मोठ्या घरात स्वयंपाकाला लागल्या. लग्न झालं, मुलं झाली, तरी सकाळी धुक्यातून तळ्याच्या कडेकडेने चालत जायच्या आणि तिथली चूल पेटवायच्या. घर मोठं म्हणायचं ते आमच्या घरांच्या मानाने. बीच जातीच्या उंच झाडांत लपलेलं, भिंतींना हिरवी ओल, पाऊस लागून राहिला की जिन्याच्या पायऱ्यांवर पातेली मांडावी लागत. मालकांना त्या थेंबांचा आवाज आवडायचा. वरचं छप्पर दुरुस्त करू या म्हटलं की म्हणायचे, “राहू दे सबीना, नाहीतर झोप कशी लागेल?”

लग्न त्यांचं राहूनच गेलं. करू, करू म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

त्यांचे वडील, थोरले लायसाट, हे मात्र टक्क जागे गृहस्थ होते. त्यांच्या काळात मत म्हणजे तोंडाने सांगायची गोष्ट. बॅलीनार्डच्या बाजारात कचेरीसमोर लाकडी मचाण बांधायचे. ज्याच्याकडे मत देण्याएवढी जमीन आहे त्या कुळाने वर चढायचं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं उमेदवाराचं नाव घ्यायचं. खाली थोरले लायसाट घोड्यावर बसलेले असत. त्यांच्या जमिनीवर राहून जो दुसऱ्याचं नाव घेई, त्याच्या घरावर पुढच्या मे महिन्यात छप्पर नसे. एका निवडणुकीला त्यांनी लहानग्या अँब्रोजला खोगिरावर पुढ्यात बसवून नेलं. दिवसभर त्या मुलाने आपल्या वडिलांचं नाव ऐकलं. म्हाताऱ्या तोंडातून, तरण्या तोंडातून, पुन्हापुन्हा, चर्चमधल्या प्रार्थनेसारखं. घरी परत येताना त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही त्यांना खूप आवडता का?”

थोरले लायसाट हसले. “आवडायचं काय त्यात? ते माझे आहेत.”

वडील गेले आणि तेच मचाण, तेच बाजारातले चेहरे अँब्रोज मालकांच्या वाट्याला आले. नाव तेवढं बदललं. त्यांनी कधी कुणाचं छप्पर काढलं नाही. कुणाला डोळे वटारून बघितल्याचंही कुणाला आठवत नाही. तरी दर निवडणुकीत लोक वर चढायचे, त्यांचं नाव घ्यायचे आणि खाली उतरायचे. मालक ऐकत उभे राहायचे, आणि घरी येऊन मुकाट बसायचे. आपण या लोकांना हवे आहोत, की वडिलांची भीतीच जमिनीबरोबर आपल्याकडे चालत आली आहे? एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाकी जगात त्यांना फारसं काही कळून घ्यायची हौस नव्हती.

विचारून हे कळण्यासारखं नव्हतं. एकदा त्यांनी थेडीला विचारून पाहिलं. दोघं होडीत गळ टाकून बसले होते.

“थेडी, खरं सांग. मी तुम्हाला हवा आहे का?”

थेडीने गळाच्या दोरीवरची नजर काढली नाही. “मालक, तुम्ही विचारल्यावर मी काय नाही म्हणणार?”

“तेच तर.”

“मग विचारता कशाला? मासा पळाला ना.”

मध्ये ती काळी वर्षं येऊन गेली. बटाटा जमिनीतच सडला आणि सगळ्या खोऱ्याला त्याचा वास भरून राहिला. मालक लंडनहून धावत आले, वडिलांच्या चांदीच्या ताटल्या विकल्या, अंगणात मोठ्या हंड्यात लापशी शिजायला लागली. सासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या, त्या हंड्याशी रांगेत उभ्या राहिलेल्या. तरी तळ्याच्या दक्षिणेचा सबंध उतार रिकामा झाला. काही माणसं जहाजाने गेली, काही तिथेच राहिली, मातीखाली. आजही संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की तिथल्या गवताखालून बटाट्याच्या जुन्या वाफ्यांच्या ओळी वर येतात, झोपलेल्या माणसाच्या बरगड्या दिसाव्यात तशा. ऊन गेलं की ओळी जातात. मालक त्या वेळेला होडीत उठून बसायचे. तिकडे बघत राहायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे. सासूबाईंना वाटायचं, नावं म्हणत असावेत.

पार्लमेंटात त्यांनी काय केलं, हे विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. तिथे म्हणे सकाळच्या प्रार्थनेआधी जाऊन आपली टोपी बाकावर ठेवली की ती जागा त्या दिवसापुरती आपली. मालक टोपी ठेवायचे आणि नदीकाठी फिरायला जायचे. सासूबाई म्हणायच्या, “राणीच्या पार्लमेंटात मालकांपेक्षा त्यांची टोपीच जास्त बसली असेल.” संध्याकाळी परत येऊन ते टोपीच्या जागी बसत. गॅसच्या दिव्यांचा पिवळा उजेड, कुणीतरी कुठल्यातरी जकातीवर बोलतंय, आणि त्या बोलण्याचा आवाज हळूहळू लांब जात लव्हाळ्यातल्या वाऱ्यासारखा व्हायचा. हिरव्या कातड्याच्या बाकाची त्यांना होडी व्हायची. एकदा मत नोंदवायला सगळे उठले तेव्हा शेजाऱ्याने त्यांना हलवून जागं केलं, तर म्हणाले, “कुणाचा काठ?” ही गोष्ट त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरात येऊन सांगितली होती, आणि सांगताना पोट धरून हसले होते.

भाषण त्यांनी सबंध आयुष्यात एकच केलं. ते गुप्त मतदानाच्या बाजूने. माणसाने आपलं मत कागदावर द्यावं, आडोशाला जाऊन द्यावं, कुणाला दिलं ते कुणालाही कळू नये, असा कायदा यायचा होता. ते ऐकल्यापासून मालकांची झोप उडाली. कारण साधं होतं. मचाण गेलं, घोडा गेला, ऐकणारा मालक गेला, म्हणजे भीती गेली. भीती गेल्यावर जे मत पडेल ते खरं.

त्या भाषणाची तालीम त्यांनी तळ्यावर केली. दाट धुकं होतं, होडी कुठे आहे ते काठावरून दिसत नव्हतं. पण पाण्यावरून आवाज लांब जातो हे इथे जन्म काढलेल्या माणसाच्याही ध्यानात राहिलं नाही. “सभापती महाराज!” असा धुक्यातून एकदम आवाज आला तेव्हा दोन्ही काठांवरच्या गायींनी माना वर केल्या. नॅपीने धुणं थांबवलं. सासूबाई विहिरीवरून भरली बादली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सगळं भाषण झालं. “सत्य हे एकांतातच बोललं जातं,” असं काहीतरी शेवटी होतं. मग क्षणभर पाणी काठाला लागल्याचा तेवढा आवाज. आणि धुक्याच्या पलीकडून थेडी ओरडला, “शाब्बास मालक! पण जरा हळू, बदकं उडाली!”

कायदा झाला. त्यानंतरची पहिलीच निवडणूक फेब्रुवारीत आली, संत ब्रिजिटचा सण नुकता झाला होता आणि दारादारावर लव्हाळ्याचे नवे क्रूस टांगलेले होते. मालकांच्या विरोधात बॅलीनार्डच्या दुकानदाराचा मुलगा कॉर्नेलियस मोलोनी उभा राहिला. तरणा वकील, हुशार, आयर्लंडचं राज्य आयरिश माणसाने चालवावं म्हणणारा. वाईट मुलगा नव्हता. मालकांनाही तो आवडायचा. पण त्यांना निवडून यायचं होतं, आणि या वेळी तर फार म्हणजे फार यायचं होतं. सासूबाई सांगायच्या, त्या दिवसांत ते जेवायला बसायचे आणि चमचा हातात तसाच राहायचा.

मालक दुसऱ्या पंथाच्या चर्चचे. तरी त्या रविवारी आमच्या चर्चच्या फाटकापाशी पावसात उभे राहिले, आणि प्रार्थना आटोपून बाहेर पडणाऱ्या लोकांना आमच्याच आयरिश बोलीत त्यांनी नवी पद्धत समजावून सांगितली. “शाळेत एक पडदा लावलेला असेल. कागद घ्यायचा, पडद्यामागे जायचं, हव्या त्या नावापुढे फुली मारायची, घडी करून पेटीत टाकायचा. कुणाला कळणार नाही. मलासुद्धा कळणार नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मालक खुशीत घरी आले.

संध्याकाळी थेडी एक पाइक मासा घेऊन मोठ्या घराच्या मागच्या दाराशी आला. बरोबर मॅट क्विनलिव्हन होता. आमच्या शाळांना बंदी होती त्या काळी कुंपणाआड चोरून भरणाऱ्या शाळेत शिकलेला, गुरं राखताना लॅटिन म्हणणारा असा हा म्हातारा. दोघांचे चेहरे उतरलेले.

“काय झालं रे?” सासूबाईंनी विचारलं. “मासा मेलाय की तुम्ही?”

“सबीना, मालक असं का बोलले गं?” थेडी म्हणाला. “आपण असं काय केलं?”

“काय बोलले?”

“पडद्यामागे जा म्हणाले. मलासुद्धा कळणार नाही म्हणाले. दोनदा म्हणाले.”

मॅट म्हणाला, “म्हणजे मालकांना वाटतं, आपण तोंडावर एक आणि पाठीमागे एक.”

“अरे, तसं नाही ते. कायदा आहे.”

“कायदा चोरांसाठी असेल,” थेडी म्हणाला. “मी गाय विकतो तेव्हा पडद्यामागे विकतो का? भर बाजारात हातावर थुंकतो, समोरच्याच्या हातावर टाळी देतो, तिसरा माणूस दोघांचे हात धरतो. सगळा बाजार बघतो. तेव्हा कुठे शब्द होतो. आणि ज्या माणसाने माझ्या चुलीशी बसून बटाटे खाल्ले त्याला शब्द द्यायचा तो आडोशाला जाऊन? आडोशाला माणूस कशाला जातो, सांगू का?”

“नको, माझी भाकरी भाजतेय,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी मालकांच्या कानावर हे घातलं. मालक खिडकीशी उभे होते. “होईल गं सवय,” म्हणाले. “पडदा दिसला की जातील.” आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

मतदान गावच्या शाळेत. डब्लिनहून पिम नावाचे अधिकारी आले होते. नाक लाल, सारखी शिंक, सरळमार्गी माणूस. सासूबाईंना तिथल्या शेकोटीत पीट घालायला आणि पिमसाहेबांना चहा द्यायला बोलावलं होतं, म्हणून त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. कोपऱ्यात दोरीवर हिरव्या लोकरी कापडाचा पडदा. मधोमध टेबलावर पेटी. उमेदवारांना आत बसायची मुभा होती. मोलोनीने आपला माणूस पाठवला होता. मालक स्वतः येऊन मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. बाहेर धुकं इतकं की दार उघडलं की तेही माणसाबरोबर आत यायचं.

बाजाराकडचे लोक पहिले आले. कागद घेतला, पडद्यामागे गेले, पेटीत टाकला, निघाले. झटपट काम. मग थेडी आला. टोपी काढली, खोलीच्या मध्यभागी उभा राहिला, आणि खिडकीच्या काचा थरथराव्यात अशा आवाजात म्हणाला, “अँब्रोज लायसाट!”

पिमसाहेबांच्या हातातला कप हलला. “अहो, अहो! नाव घ्यायचं नाही. हा कागद घ्या आणि आत जा.”

“कशाला? सांगितलं की.”

“ते धरता येत नाही.”

“तुम्हाला ऐकू आलं ना?”

“आलं. पण मला ऐकू येऊन उपयोग नाही.”

“मग तुम्हाला इथे बसवलंय कशाला?” थेडीने टोपी घातली आणि मालकांकडे बघून मान लववली. कागदाला हातही न लावता तो बाहेर पडला.

त्याच्यामागून मॅट. त्यानेही नाव घेतलं, वर “डेरीमॉइलचे” असंही जोडलं, म्हणजे घोटाळा नको. पिमसाहेब आता खुर्चीवरून उठले होते. “हे पाहा, तुम्हाला वाचता येत नसेल तर तसं सांगा. कायद्यात सोय आहे. मी तुमच्यासाठी फुली मारतो.”

“कुणाला वाचता येत नाही?” मॅट म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीशी बांधून लॅटिनच्या एका लांबलचक उताऱ्याला त्याने सुरुवात केली. पिमसाहेब शिंकले. मॅट थांबला, शिंक होऊ दिली, मग पुढे म्हणून पुरा केला. “आता तुम्ही म्हणा,” म्हणाला. पिमसाहेबांना येत नव्हतं. “मग फुली तुमच्यासाठी मी मारू का?” असं विचारून तोही निघाला.

तळ्याकाठचे असे एकामागून एक येत राहिले. रविवारचे कपडे, बुटांना चरबी लावलेली. कुणी आधी खाकरून गळा साफ केला, कुणी डोळे मिटून नाव घेतलं, कुणी लग्नात शपथ घ्यावी तसं छातीवर हात ठेवून. सगळे पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. काहींनी पिमसाहेबांचं ऐकून कागद घेतलाही, पण घरी न्यायला म्हणून खिशात घालायला लागले. पिमसाहेबांनी तो ओढून परत घेतला.

शेवटी पिमसाहेब मालकांच्या बाकापाशी आले. सासूबाई शेकोटीशी वाकलेल्या होत्या, त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

“लायसाटसाहेब, ही तुमचीच मतं वाया चालली आहेत. माझं हे लोक ऐकत नाहीत. तुम्हाला त्यांची बोली येते. दाराशी उभे राहून तेवढंच सांगा, कागद घ्या आणि आत जा. कुणाला द्या ते सांगू नका. कायद्याची काही हरकत नाही. मोलोनीच्या माणसाचीही नसावी.”

मोलोनीचा माणूस भला होता. म्हणाला, “माझी काय हरकत? मलाच बघवत नाहीये.”

मालकांनी दाराकडे कान दिला. दार उघडलं, धुक्याचा लोट आत आला, त्यातून कुणीतरी त्यांचं नाव घेतलं. दार मिटलं. ते बाकावर मागे रेलले होते, डोळे अर्धवट मिटलेले. सासूबाईंना वाटलं, झोपले की काय. पण झोपलेल्या माणसाचे ओठ असे हलत नाहीत. ते प्रत्येक आवाज ओळखत होते आणि त्या माणसाचं नाव स्वतःशी म्हणत होते. दारातला माणूस म्हणायचा अँब्रोज लायसाट, आणि आतला माणूस ओठांतल्या ओठांत म्हणायचा, डोनल, शेमस, ओवेन. पाण्यावर एका काठाने हाक मारावी आणि दुसऱ्या काठाने ओ द्यावी, तसं चाललं होतं.

“लायसाटसाहेब?” पिमसाहेब म्हणाले.

“मी सांगितलं तर ते जातील,” मालक म्हणाले.

“मग सांगा ना!”

“मी सांगितलं म्हणून जातील. माझे वडीलही त्यांना सांगायचेच.” मग त्यांनी पिमसाहेबांच्या बाहीवर हात ठेवला, फार हळूच. “बसा तुम्ही. चहा घ्या. सबीना, साहेबांना चहा दे गं.”

चार वाजेपर्यंत ते तसेच बसून होते. पेटीला लाख लावली तेव्हा तळ्याकाठची माणसं शाळेबाहेर हसत-बोलत उभी होती. आपण मालकांना निवडून दिलं, तेही तोंडावर, याचा त्यांना कोण आनंद!

मोजणी दुसऱ्या दिवशी बॅलीनार्डला झाली. मोलोनी थोडक्याने निवडून आला. तळ्याकाठच्या निम्म्या लोकांनी जरी पडद्यामागे पाऊल टाकलं असतं तरी निकाल फिरला असता. दुपारी मालक परत आले तेव्हा फिडल वाजवणारा काठावर तयार उभा होता, मुलांनी विजयाच्या शेकोटीसाठी पीटची रास रचली होती. मालक गाडीतून उतरले आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. तोंडाने घेतलेलं नाव आता धरत नाहीत. पेटीत जे पडलं तेवढंच मत.

फिडल थांबलं.

“म्हणजे आमचं कुणी ऐकलंच नाही?” थेडीने विचारलं.

“मी ऐकलं,” मालक म्हणाले.

“तुम्ही तिथेच होतात.” थेडी एक पाऊल पुढे आला. “कागद घ्या, एवढं बोलायला काय तुमची जीभ झडली होती?”

“थेडी!” नॅपीने त्याचा कोट मागून ओढला.

“सोड गं. नाही, सांगू दे त्यांना. आम्हाला कायदा कळत नाही, बरं. ह्यांना तर कळत होता? ह्यांनीच तो धुक्यात ओरडून पास केला!”

मालकांनी टोपी काढली. पाऊस भुरभुरत होता. “मला जाणून घ्यायचं होतं,” म्हणाले. “तुम्ही मनाने माझं नाव घेता की भीतीने. मध्ये मी एक शब्द बोललो असतो तर ते मला कधीच कळलं नसतं.”

“वा!” थेडी म्हणाला. “म्हणजे तुम्हाला कळावं म्हणून आम्ही हरलो. आता त्या मोलोनीची टकळी आम्ही ऐकायची, आणि तुम्ही होडीत झोपणार. चला रे घरी.”

तो खरोखरच गेला. मागून एकेक करून बाकीचेही गेले. नॅपी तेवढी मागे रेंगाळली. “पाइक माशाचं काय केलंत?” तिने सासूबाईंना उगीच विचारलं, आणि मग तीही गेली. पीटची रास पावसात भिजत राहिली. मालक तिथे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, कोरडे मोजे दिले. त्या म्हणायच्या, मालकांच्या तोंडावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, थेडी बरोबर बोलला. तर मालक म्हणाले, “हो गं. तोच बरोबर बोलला.” आणि तरी तोंडावरचं काही जाईना.

पुन्हा ते कधी उभे राहिले नाहीत. वसंत आला, ब्लॅकथॉर्नला पांढरा बहर आला, मे महिन्यातल्या माश्या पाण्यावरून उडायला लागल्या. त्या खायला ट्राउट मासे वर येण्याचे ते दिवस, तळ्यावर सगळ्या होड्या. थेडी मात्र मालकांची होडी दिसली की आपली दुसरीकडे वळवायचा. मालकांची होडी वाहत त्याच्या वाळूला लागली तर नॅपी बाहेर यायची, बटाटे होडीतच आणून द्यायची. “आत नका येऊ, अजून गुरगुरतोय,” म्हणायची.

असाच महिना गेला असेल. एके दिवशी वारा पडला, पाणी काचेसारखं झालं. दोन होड्या जवळजवळ तरंगत होत्या. कुणी वल्ही उचलत नव्हतं. सासूबाई कपडे वाळत घालत होत्या, आणि पाण्यावरून आवाज कसा येतो ते मी सांगितलंच आहे.

“मालक,” थेडी म्हणाला. तिकडे न बघताच.

“बोल.”

“एक सांगायचं राहिलंय. तुम्हाला उगीच फार काही कळल्यासारखं वाटायला नको.”

“सांग ना.”

“त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं ते काही मनाने वगैरे नव्हे. नॅपीने बजावलं होतं. मालकांचं नाव मोठ्याने घेतलं नाहीस तर घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणाली.”

मालक हसायला लागले. हसता हसता त्यांची होडी डुलायला लागली, इतकी की त्यांनी होडीची कड धरली.

“म्हणजे पुन्हा भीतीच, थेडी!”

“भीतीच तर. पण तुमची नव्हे.” थेडीने एक वल्हं लांब करून मालकांची होडी आपल्याकडे ओढून घेतली. “सरका तिकडे. गळ टाकायला ही बाजू चांगली आहे.”